ग्रामपंचायतीने ठराव केला म्हणून विधवा प्रथा खरंच बंद होते का?

नुसत्या ठरावाने बंद होत नाही, पण घरात ज्याला ती मोडायची असते त्याला मोठा आधार मिळतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये असा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं हे विधवा झालेली बाई सहसा स्वतः करत नाही. भावकीतल्या बायकाच पुढे होतात, आणि त्यातल्या काहींना ते मनातून नको असतं. पण रडारड चाललेली असताना पहिला नकार द्यायचा कुणी? तिथे ‘गावाचाच ठराव आहे’ एवढं म्हणता येतं, दोष एकीच्या माथी येत नाही. मात्र ठराव म्हणजे कायदा नव्हे, आणि त्याचा उपयोग मुख्यतः अंत्यविधीच्या वेळी. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं, लग्नात ओटी भरायचा मान, हे सगळं घरच्यांच्या हातात. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. सासूने किंवा थोरल्या जावेने स्वतःहून तिला पुढे बोलावलं, तर बाकीच्या सहसा काही बोलत नाहीत.