वर्तुळ ‘टाकावे’ की रिंगण ‘घालावे’?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाश्चात्त्य विधियुक्त जादूची नवशिक्यांना ओळख करून देणारा मजकूर मराठीत आणायचा आहे. विधी सुरू करण्यापूर्वी साधक स्वतःभोवती संरक्षणासाठी जे ‘सर्कल कास्ट’ करतो, त्याला ‘संरक्षक वर्तुळ टाकणे’ म्हणावे, ‘मंडल रेखणे’ म्हणावे, की संध्येतल्या न्यासातला (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करण्याच्या क्रियेतला) ‘दिग्बंध’, म्हणजे दिशा बांधणे, हा शब्द सरळ उचलावा?

आधी क्रियापदाचे पाहू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. ‘टाकणे’ हे इंग्रजी क्रियापदाचा ‘फेकणे’ हा एकच अर्थ पाहून आलेले दिसते. मराठीत नजर टाकतात, फासे टाकतात, पण माणसाला चहूबाजूंनी वेढणारी गोष्ट कोणी टाकत नाही. शिवाय ‘टाकले’ म्हणजे सोडून दिले, हा अर्थ इतका ठसलेला आहे की ‘त्याने वर्तुळ टाकले’ हे वाक्य वाचून त्याने विधी अर्ध्यावर सोडला असेच वाटावे. वेढा, विळखा, गराडा, कुंपण, प्रदक्षिणा या साऱ्यांना मराठी ‘घालणे’ हेच क्रियापद देते, आणि इथे नेमका तोच भाव हवा आहे.

‘आखणे’ आणि ‘काढणे’ यांना मी चूक म्हणणार नाही, मात्र ती सगळीकडे चालणार नाहीत. सॉलोमन राजाच्या नावावर चालत आलेल्या आणि मॅथर्स या इंग्रज गूढविद्या-अभ्यासकाने १८८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वर्तुळ खरोखरच आखले जाते: मध्यभागी हत्यार रोवायचे, त्याला ९ फूट लांबीची दोरी बांधायची आणि दोरीचे दुसरे टोक फिरवून परीघ उमटवायचा. तिथे ‘आखावे’ हाच शब्द योग्य. परंतु १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या गुप्त संघटनेच्या, आज नवशिक्यांना बहुधा सर्वांत आधी शिकवल्या जाणाऱ्या विधीत जमिनीवर रेघ नसतेच. साधक पूर्वेकडे हवेत पंचकोनी तारा रेखाटतो, हात तसाच पुढे धरून दक्षिण, पश्चिम, उत्तर असे एकेका दिशेला तो तारा रेखाटत जातो आणि पुन्हा पूर्वेला येऊन कल्पनेतले कडे जुळवतो. जे कोठेही उमटत नाही ते ‘आखले’ असे लिहिले, तर वाचक खडू शोधू लागेल. ‘घालणे’ मात्र दोन्ही प्रकारांना पुरते.

आता नामाकडे वळू. ‘मंडल’ हा शब्द कानाला भारदस्त वाटतो, पण त्यात माणसाची जागाच उलटी होते. पूजेतल्या मंडलात देवतेला आवाहन करून आत स्थान दिले जाते आणि पूजक बाहेर बसतो. सॉलोमनी परंपरेत साधक वर्तुळाच्या आत उभा राहतो आणि ज्या आत्म्याला बोलवायचे तो बाहेर, काही ग्रंथांत त्यासाठी मुद्दाम आखलेल्या त्रिकोणात. आत कोण आणि बाहेर कोण, हा या विधीचा कणा आहे, त्यामुळे नेमका तोच उलटा सुचवणारा शब्द घेणे धोक्याचे. ‘मंडळ’ लिहाल तर विषयच संपला. वाचकाला अध्यक्ष, चिटणीस आणि वर्गणी आठवेल.

‘लक्ष्मणरेषा’ हा शब्दही कोणीतरी सुचवेलच. वाल्मीकी रामायणात ही रेषा नाही, हा मुद्दा इथे गौण आहे. अडचण अशी की आजच्या मराठीत तिचा अर्थ ‘ओलांडू नये अशी मर्यादा’ असा झाला असून ती बहुतेक वेळा दुसऱ्याने आपल्यावर घातलेली असते. साधकाने स्वतःभोवती स्वतःच करून घेतलेल्या आडोशाचा भाव तिच्यात उरलेला नाही.

माझी पसंती ‘रिंगण’ या शब्दाला आहे. ‘वर्तुळ’ भूमितीतले, ‘रिंगण’ वावरायचे. त्यात माणूस उभा राहू शकतो आणि फिरूही शकतो. फक्त ‘रिंगणात उतरणे’ हा प्रयोग कटाक्षाने टाळावा, नाहीतर साधक निवडणूक लढवतो आहे असे वाटेल.

विशेषणाचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. ‘संरक्षक’ म्हटले की मराठी वाचकापुढे भिंत किंवा कठडा उभा राहतो. ‘रक्षा’ जोडून ‘रक्षावर्तुळ’ केले, तर ‘रामरक्षा’ डोळ्यांपुढे येण्याऐवजी राखेचे वर्तुळ येण्याचा संभव आहे, कारण सुटा ‘रक्षा’ हा शब्द आपण चितेच्या राखेसाठीही वापरतो. म्हणून ‘रक्षणाचे रिंगण’ असे दोन शब्द मला अधिक निर्धोक वाटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे विशेषण सर्वत्र लावूच नये. विक्का या आधुनिक चेटूक-पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट भेद केला आहे की विधियुक्त जादूगाराचे वर्तुळ बाहेरच्या शक्तींना अटकाव करण्यासाठी असते, तर विक्का पंथीयांचे वर्तुळ आत जागवलेली शक्ती विखरू नये म्हणून असते. पहिल्याला रक्षणाचे म्हणावे. दुसऱ्याला नुसते ‘रिंगण’ पुरे.

‘दिग्बंध’ अर्थाने सर्वांत जवळ येतो, हे मान्य केले पाहिजे. न्यासाच्या शेवटी ‘भूर्भुवःस्वरोम् इति दिग्बन्धः’ म्हणून दिशा बांधल्या जातात, आणि गोल्डन डॉनच्या विधीतही पूर्वेला राफाएल, पश्चिमेला गॅब्रिएल, दक्षिणेला मायकेल, उत्तरेला उरिएल असे देवदूत चार दिशांना उभे केले जातात. तरीही पारिभाषिक शब्द म्हणून मी तो घेणार नाही, कारण त्याच्यासोबत सगळी मंत्रपरंपरा येते आणि दोन्ही विधी मुळात एकच असल्याचा भास होतो. ‘दिग्बंधासारखी क्रिया’ असे एकदा समजावून सांगावे आणि पुढे जावे.

फिरण्याची दिशा सांगताना ‘प्रदक्षिण क्रमाने’ असे लिहावे. मध्य उजव्या हाताला राहतो, एवढे त्यातून आपोआप कळते. ‘सव्य’ टाळावा, कारण संस्कृतात तो मुख्यतः डावा असून मराठीत ‘अपसव्य’च्या उलट म्हणून उजवा समजला जातो. ‘सूर्याच्या गतीने’ हेही जपून वापरावे: दक्षिण गोलार्धात सूर्य पूर्वेकडून उत्तरेमार्गे पश्चिमेला जातो, त्यामुळे तिथले अनेक साधक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. नवशिक्यांसाठीची सूचना विध्यर्थात साधारण अशी बसते: ‘पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. सुरा किंवा तर्जनी बाहेरच्या बाजूस रोखून, मध्य उजव्या हाताला ठेवीत, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे फिरून पुन्हा पूर्वेला यावे. जेथून निघालो तेथे टोक मिळेपर्यंत रिंगण पुरे झाले असे समजू नये.’

प्रश्नात नसलेली एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण अनुवादात ती हमखास आडवी येते. विधीच्या शेवटी इंग्रजीत वर्तुळ ‘उघडले’ असे म्हणतात आणि त्याचा अर्थ विधी संपला असा असतो. मराठीत ‘उघडणे’ म्हणजे सुरुवात, तर ‘मोडणे’ म्हणजे विघ्न आल्यासारखे. इथे मात्र जुन्या परंपरेचा उपयोग होतो: दिग्बंधाची उलट क्रिया ‘दिग्विमोक’, म्हणजे दिशा मोकळ्या करणे. त्यावरून ‘रिंगण मोकळे करावे’ असे लिहिले, तर संपले आणि बिघडले नाही, हे दोन्ही अर्थ पोहोचतात. विधी चालू असताना कोणाला बाहेर जायचे असेल, तर सुऱ्याने रिंगणात दार ‘कापतात’ आणि तो गेल्यावर पुन्हा मिटवतात. त्याला ‘वाट करून द्यावी आणि नंतर सांधावी’ हे पुरेसे मराठी आहे.