फेब्रुवारीत बार्सिलोनाला जात आहोत. काल्सोतादा खेड्यात जाऊन अनुभवावी का? बरोबरच्या शाकाहारी मंडळींचे काय?

आपला मुक्काम बार्सिलोनात आहे आणि काल्सोतादा, म्हणजे जाळावर भाजलेल्या कोवळ्या कांद्यांची तिकडची हिवाळी पंगत, शहरातल्याच एखाद्या रेस्टॉरंटात उरकावी की त्यासाठी खेड्यापर्यंत जावे, असा आपला प्रश्न आहे. कामानिमित्त काही हिवाळे मी तारागोनाच्या परिसरात काढले आहेत आणि त्या अनुभवावरून निःसंकोच सांगतो की, एक अख्खा दिवस मोकळा ठेवा आणि वाल्सच्या बाजूला जा. हे जेवण कांद्याचे असले, तरी त्याला चव येते ती उघड्यावरच्या जाळामुळे. आपल्याकडे हुरडा खायला जसे शेतावरच जावे लागते, तसेच हे आहे.

वाल्स हे गाव तारागोना शहरापासून साधारण 20 किलोमीटरवर आणि बार्सिलोनापासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे. काल्सोत म्हणजे पांढऱ्या कांद्याचा लांबट, कोवळा कोंब. बियांपासून तयार झालेले कांदे उन्हाळ्यात काढून ठेवतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावतात. मग प्रत्येक कांद्याला अनेक कोंब फुटतात, आणि ते जसजसे वर येतील तसतशी शेतकरी त्यांच्या बुंध्याशी मातीची भर देत जातात. ऊन न लागल्यामुळे मातीखालचा भाग पांढरा, मऊ आणि गोडसर राहतो. वाल्सच्या काल्सोतला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन असून त्यासाठी पांढऱ्या भागाची लांबी 15 ते 25 सेंटीमीटर असावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शात दे बेनायजेस नावाच्या शेतकऱ्याने असे कोंब थेट जाळावर भाजून खाल्ले आणि तिथून ही रीत सुरू झाली, असे वाल्समध्ये सांगतात.

जाळासाठी वापरतात त्या द्राक्षवेलींच्या वाळलेल्या काड्या. हा सगळा मुलूख द्राक्षबागांचा आहे. वेलींची छाटणी हिवाळ्यात होते, काल्सोतही हिवाळ्यातच तयार होतात, आणि बागेतून निघालेल्या काड्यांच्या मोळ्या घरोघरी रचलेल्या असतात. या काड्या भरकन पेटतात आणि त्यांची ज्वाळा उंच उठते. काल्सोतना निखारे नव्हे, तर हीच ज्वाळा लागते. लोखंडी जाळीवर ते ओळीने मांडतात आणि बाहेरचे पापुद्रे पुरते कोळशासारखे काळे होईपर्यंत भाजतात. नंतर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात, म्हणजे आतल्या वाफेवर ते मुरतात. ज्वाळा ओसरल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर पुढचे पदार्थ भाजले जातात, म्हणजे एकाच आगीवर सारी पंगत उठते. शहरातल्या बंदिस्त स्वयंपाकघरात हे होणे अवघड असते, आणि ओव्हनमध्ये भाजलेला काल्सोत मला तरी फिका वाटतो.

वाढतानाही काल्सोत मातीच्या कौलावर येतात. अगदी आपल्या नळीच्या कौलासारखे कौल उलटे ठेवून त्यात ते रचतात, त्यामुळे बराच वेळ गरम राहतात. गळ्यात मोठे लाळेरे बांधून, बहुतेक वेळा उभ्यानेच खायचे. डाव्या हाताने काळे झालेले मुळाकडचे टोक धरा आणि उजव्या हाताने वरच्या हिरव्या पातीचा आतला गाभा चिमटीत घेऊन सावकाश ओढा. काळे आवरण हातात राहते आणि पांढराशुभ्र, रसाळ कोंब अलगद बाहेर येतो. तो साल्विचादा नावाच्या चटणीत बुडवायचा, मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचा आणि पांढरा भाग संपला की हिरवी पात टाकून द्यायची. या चटणीत भाजलेले टोमॅटो आणि लसूण, बदाम, हेझलनट, न्योरा नावाची वाळवलेली गोल लाल मिरची, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर असते. ती तिखट नसते, पण काल्सोतच्या गोडव्याला तिची आंबट-खमंग जोड फार उत्तम लागते. माणशी 20-25 काल्सोत सहज संपतात. हात कोपरापर्यंत काळे होतात, म्हणून चांगले कपडे घालून जाऊ नका.

त्यानंतर टेबलाशी बसून निखाऱ्यांवरचे कोकराचे मांस, बुतिफार्रा हे डुकराच्या मांसाचे सॉसेज, पांढरा घेवडा, आर्टिचोक (कळीसारखी दिसणारी एक भाजी) आणि शेवटी संत्री किंवा क्रेमा कातालाना हे कस्टर्डसारखे गोड येते. शाकाहारी मंडळींची जेवणाच्या पहिल्या आणि माझ्या मते खऱ्या भागात काहीच अडचण होत नाही, कारण काल्सोत, चटणी आणि टोमॅटो चोळलेला पाव हे सारे शाकाहारी असते. मात्र घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात आणि क्रेमा कातालानामध्ये अंडे असते, तेव्हा नोंदणी करतानाच घेवडा ऑलिव्ह तेलात करायला आणि आर्टिचोक वेगळ्या जाळीवर भाजायला सांगावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र या जेवणाच्या वाटेला जाऊ नये, आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी चटणी टाळावी.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. वाल्सचा मोठा उत्सव जानेवारीच्या शेवटच्या रविवारी भरतो. त्यात काल्सोत खाण्याची स्पर्धा होते आणि मानवी मनोरेही उभे राहतात. हे मनोरे वाल्सचे खास वैभव असून 2010 मध्ये युनेस्कोने त्यांचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आपण फेब्रुवारीत जात असल्याने तो उत्सव हुकेल, पण निवांत जेवणाच्या दृष्टीने फेब्रुवारीच अधिक चांगला. गावाबाहेरच्या एखाद्या मासियात, म्हणजे जुन्या दगडी शेतघरात, दुपारच्या जेवणाची जागा आधीच राखून ठेवा. शनिवार-रविवारी तिथे स्थानिक कुटुंबांचीच मोठी गर्दी असते. नोंदणी करताना काल्सोत वेलींच्या काड्यांवर भाजतात का, हे आवर्जून विचारा, आणि गाडी चालवणाऱ्याने पोर्रोतल्या, म्हणजे तोटीच्या काचेच्या सुरईतल्या, वाइनपासून दूर राहावे.