कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक होऊन सोलापुरात करिअर घडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) संपत आलंय, विद्यापीठाकडून एकदा पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलात, आता सोलापुरातलं एक कॉलेज मुलींच्या संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावतंय आणि वडील म्हणतायत, यात पोट भरत नाही. मी हे काम अकरा वर्षं करतेय. पहिली आठ वर्षं सहायक होते, आता मुख्य प्रशिक्षक आहे.

वडील पैशाबद्दल खरं बोलतायत. आपल्याकडच्या कॉलेजात मंजूर पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. सहायक प्रशिक्षक मानधनावर. मला पहिल्या वर्षी महिन्याला 5,000 रुपये मिळायचे, तेही जुलै ते जानेवारी, हंगाम असेपर्यंत. पुढे एका संस्थेने सहा महिन्यांचं मानधन थकवलं आणि शेवटी निम्मंच हातावर ठेवलं. माझ्याकडे नियुक्तीचा कागदच नव्हता, भांडणार कशाच्या जोरावर?

तुम्ही अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलचा उल्लेख केलाय. तिथे 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळे शिक्षणसंस्थांना मुलींनाही खेळात समान संधी द्यावी लागते. त्यातून मुलींचं व्हॉलीबॉल एवढं वाढलं की 30 ऑगस्ट 2023 ला नेब्रास्का विद्यापीठाची मॅच बघायला 92,003 माणसं स्टेडियममध्ये होती. मोठ्या विद्यापीठांत सहायक प्रशिक्षक पूर्ण पगारी असतात, कुणी ब्लॉक (नेटवर समोरचा फटका अडवणं) बघतं, कुणी लिफ्टर (फटक्यासाठी बॉल उचलून देणारी खेळाडू), कुणी नवे खेळाडू शोधत फिरतं. ती व्यवस्था आपल्याकडे नाही, तिच्यावर हिशेब मांडू नका. इथे सकाळी साडेपाचला मैदानावर पाणी मारण्यापासून फक्कीने रेषा आखण्यापर्यंत सगळं सहायकाकडे. मार्चनंतर नऊ वाजले की सोलापूरचं ऊन मुलींना उभं राहू देत नाही, म्हणून सराव त्याआधी उरकावा लागतो.

पण कामाबद्दल वडिलांना एक गोष्ट माहीत नाही. खेळ जितका सहायकाला दिसतो तितका दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. नियमाने सहायकाला मॅचमध्ये हस्तक्षेप करायचा हक्क नाही, त्याने बाकावर बसायचं. मुख्य प्रशिक्षकाला संघ सोडून जावं लागलं तरच, कर्णधाराने पंचांना सांगितल्यावर, जबाबदारी त्याच्याकडे येते. मी त्या बसण्याचा उपयोग केला. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर सहा चौकोन, म्हणजे कोर्टवरच्या सहा जागा. समोरच्यांचं कुठलं रोटेशन (कोण कुठल्या जागेवर, तो क्रम) चालू आहे, पास कुणी घेतला, लिफ्टरने बॉल चारला (नेटजवळ डावीकडे) दिला, दोनला (नेटजवळ उजवीकडे) दिला की मधे, एवढंच लिहायचं. दुसऱ्या सेटच्या निम्म्यापर्यंत पान बोलायला लागतं. एका आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये समोरची लिफ्टर फार हुशार होती, आमचा ब्लॉक दर वेळी चुकीच्या बाजूला जायचा. वही बघितली, मग तिला बघितलं. बॉल मागे दोन नंबरला द्यायचा असला की तो हातात यायच्या आधीच तिची पाठ वाकायची. टाइमआउट 30 सेकंदांचा. सरांना मी दोनच शब्द सांगितले, "पाठ बघा." त्यांनी मधल्या ब्लॉकरला तेच सांगितलं. पुढच्या पाच बॉलमध्ये तिने तीन अडवले. त्या दिवशी मला हे काम सोडायचं नाही हे कळलं.

तुमचा संघ मुलींचा आहे म्हणून थोडं जास्त लिहिते. नेट 2.24 मीटरवर आणि आपल्या बऱ्याच मुली पाच फुटांच्या आसपास. त्यांना उंच मुलींच्या मापाने मोजू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत 1998 ला लिबेरो (मागच्या रांगेत फक्त बचाव करणारी खेळाडू) आली, तेव्हापासून बुटक्या पण चपळ मुलीला संघात हक्काची जागा आहे. जिल्ह्यातल्या वेळापूरकडून खो-खो खेळून आलेल्या मुली बघा, वाकलेले गुडघे आणि पायातला वेग त्या घरूनच घेऊन येतात. अंडरहँड पास दोन महिन्यांत बसतो.

आमची एक लिबेरो सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू भाषिक वस्तीतली होती. विद्यापीठ संघात निवड झाली, पण घरून आठ दिवस बाहेर पाठवेनात. संध्याकाळी घरी गेले. आई ओट्यावर मांडीत सूप घेऊन बिड्या वळत होती, मुलगी शेजारी बसून जुड्या बांधत होती. आई मान वर न करता म्हणाली, "पोरगी आठ दिवस न्हाई म्हणल्यावर हजार बिड्या कशा व्हायच्या, मॅडम?" खेळाचं महत्त्व वगैरे मी काही बोलले नाही, त्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. गाडी किती वाजता, मुक्काम कुठे, खोलीत कोण कोण, रात्री दहाला मी स्वतः मुली मोजून दार लावते, एवढंच सांगितलं आणि नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून दिला. तिने तो दोनदा वाचून घेतला. मग शेजारच्या बाईला तेलुगूत हाक मारली, दोघींचं काहीतरी बोलणं झालं आणि आठ दिवसांच्या जुड्या त्या बाईने वाटून घेतल्या. आम्ही दुसऱ्याच मॅचला हरून परतलो. पुढच्या वर्षी मात्र आईने फक्त गाडीची वेळ विचारली. तुम्ही पुरुष आहात, म्हणून संघाबरोबर महिला व्यवस्थापक कोण येणार हे कॉलेजला आधीच विचारा. घरी जाताना त्यांना बरोबर न्या.

आता पोटाचं. दोन वाटा आहेत. एक, एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी) किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, मग शारीरिक शिक्षण संचालक. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. त्याला शारीरिक चाचणीही असते, तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1,800 मीटर. स्पर्धांत खेळल्याची नोंदही मागतात, तेव्हा पश्चिम विभागाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पण जागा निघायला वर्षं जातात, आणि त्या पदावर सगळे खेळ बघावे लागतात. दुसरी, पतियाळाच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) एक वर्षाची प्रशिक्षण पदविका. सरकारी क्रीडा मार्गदर्शक असो की चांगली अकादमी, तिथे हीच पदविका आधी विचारतात. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे, पण त्याचं वजन तेवढं नाही. 2022 पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झालीय, पुढच्या हंगामात मुंबईचा संघही आला, पण तिथल्या बाकावर जागा मोजक्याच. तिच्या भरवशावर घर चालवायचा विचार करू नका.

मला विचाराल तर, प्रशिक्षणच आवडत असेल तर दोन हंगाम सहायक म्हणून काढा आणि मग पतियाळा. मी पदविका सहाव्या वर्षी केली, मधली वर्षं वाया गेली असं आजही वाटतं. तोवर खर्चाला सकाळच्या सरावानंतर एखाद्या शाळेत तासिका तत्त्वावर काम मिळतं का बघा.

कॉलेजला हो म्हणण्याआधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात पद "सहायक प्रशिक्षक, व्हॉलीबॉल" असंच लिहिलेलं असू दे, नुसतं "क्रीडा मदतनीस" नको. मानधन किती, कुठल्या तारखेला, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि संघाबरोबर जाताना प्रवासभत्ता कोण देणार, हे आकड्यांत. हंगाम संपला की अनुभवाचं पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या.