मोठ्या नदीच्या पाण्यातील रसायने नेमकी कुठून आली, हे तपासणी अहवालावरून सांगता येते का?

काठावरच्या कारखान्यांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बसवूनही नदीत रसायने का सापडतात आणि पाण्याच्या अहवालावरून त्यांचा उगम ओळखता येतो का, असे आपण विचारले आहे. पाणी तपासणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारे सांगतो की उगम बऱ्याच अंशी ओळखता येतो, मात्र एका दिवसाच्या एका बाटलीवरून नाही. आणि नमुना घेतला त्या वेळी नदीचा विसर्ग किती होता, हे ज्या अहवालात लिहिलेले नसते, तो मी बाजूला ठेवतो.

विसर्गाचा एवढा आग्रह का, ते एका हिशेबातून कळेल. नदीतून सेकंदाला १,००० घनमीटर पाणी वाहत असेल आणि त्यात एखाद्या पदार्थाचे प्रमाण लिटरला केवळ १ मिलिग्रॅम असेल, तरी त्या जागेवरून सेकंदाला १ किलो, म्हणजे दिवसाला ८६.४ टन पदार्थ पुढे जातो. कारखान्याच्या नळातून किंवा शहराच्या नाल्यातून रोज साधारण सारखाच भार येत असल्यामुळे पाणी ओसरले की त्याचे प्रमाण वाढते आणि पाणी चढले की घटते. याउलट, पाणी चढत असतानाच प्रमाणही वाढू लागले, तर तो पदार्थ शेतातून, रस्त्यांवरून किंवा तळाच्या गाळातून येत आहे असे समजावे. शेतीच्या बाबतीत मात्र थोडे सावध राहावे लागते, कारण एकाच शेतातून निघालेले पदार्थ वेगवेगळ्या वाटांनी नदीत पोहोचतात: ॲट्राझिनसारखे तणनाशक फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात एकदम उसळी घेते, फॉस्फेट बरेचसे वाहून जाणाऱ्या मातीला चिकटून येते, आणि नायट्रेट जमिनीत मुरून भूजलावाटे कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, पाझरत राहते.

प्रक्रिया केंद्रांविषयी एक गैरसमज आहे. नेहमीचे जैविक केंद्र जिवाणूंना खाता येईल अशा घाणीसाठी बांधलेले असते. विरघळलेले क्षार, अनेक औषधे आणि फ्लोरिनयुक्त टिकाऊ रसायने त्यातून जवळपास तशीच बाहेर पडतात. आम्ही याचाच उपयोग करून घेतो. कॅफिन चांगल्या प्रक्रियेत बहुतांशी नष्ट होते, तर अपस्मारावरचे कार्बामाझेपीन टिकून राहते; त्यामुळे नमुन्यात दोन्ही भरपूर सापडली, तर कुठेतरी कच्चा मैला थेट नदीत सुटतो आहे, आणि केवळ कार्बामाझेपीन सापडले, तर प्रक्रिया झालेले सांडपाणी येत आहे असा कयास बांधता येतो. तसेच रासायनिक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) बरीच मोठी आणि जैविक मागणी (जिवाणूंना ती घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) अगदी थोडी असेल, तर पाण्यात जिवाणूंना न पचणारे काही आहे, म्हणजे संशय घरांपेक्षा कारखान्यांवर अधिक जातो.

नमुना कुठे घेतला, यानेही फरक पडतो. रुंद नदीत एका काठाने मिसळलेले सांडपाणी कित्येक किलोमीटर त्याच काठाला धरून वाहते, म्हणून समोरच्या काठावर भरलेली बाटली स्वच्छ निघाली तर नवल नाही. पुलावरून किमान तीन ठिकाणी, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, नमुने घ्यावेत, आणि धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू (आम्लता मोजणारा pH अंक) २ च्या खाली आणावा. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल उगाच निर्मळ येतो.

काही स्रोत मात्र कोणत्याही नळाच्या नोंदीत नसतात. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सांडोझ कंपनीच्या रसायन गोदामाला आग लागली, तेव्हा ती विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे ऱ्हाईन नदीत उतरली, पाणी लाल झाले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम माशांचा जवळजवळ नाश झाला. गोदामाभोवती ते पाणी अडवून धरण्याची पुरेशी सोयच नव्हती.

ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, तो स्रोत म्हणजे तळाचा गाळ. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू बारीक मातीच्या कणांना धरून तळाशी बसतात आणि कारखाना बंद होऊन वीस वर्षे झाली तरी पुरात पुन्हा वर येतात. तळाचा ऑक्सिजन संपला, तर लोहाची संयुगे विरघळून त्यांना चिकटलेले फॉस्फेट आणि आर्सेनिकही पाण्यात उतरते. म्हणून पाण्याबरोबर गाळाचाही नमुना मागावा, आणि तपासणी ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून पडलेल्या बारीक भागाचीच करून घ्यावी, कारण वाळू मिसळली की धातूंचे प्रमाण आहे त्यापेक्षा कमी दिसते.