फॉस्फेटच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेतल्यास वडिलांच्या चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का?

होय, अशा अनेक चाचण्यांत सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियम अ‍ॅसिटेटसारख्या, जेवणातील फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या सुरुवातीला एक ते चार आठवडे थांबवतात, कारण जुन्या औषधाचा परिणाम ओसरून रक्तातील फॉस्फेट खरोखर वाढते हे दिसल्याशिवाय नव्या औषधाचा गुण मोजता येत नाही. सोलापुरात डायलिसिसच्या रुग्णांना आहार समजावताना मी हेच आवर्जून सांगते की, या काळात पथ्य ठरल्याप्रमाणेच ठेवावे. जेवणात शेंगाचटणी वाढली तरी तपासणीचा आकडा हलू शकतो आणि दोष किंवा श्रेय औषधाला जाते. मात्र प्रत्येक चाचणीत असे नसते: अमेरिकेत फॉस्फेट कमी करण्यासाठी 2023 मध्ये मान्यता मिळालेले टेनापॅनॉर हे औषध एका चाचणीत जुन्या गोळ्यांच्या जोडीनेच दिले गेले होते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील बाबी विचारून घ्याव्यात, आणि उत्तर मोघम मिळाले तर सही करू नये:

- गोळ्या किती दिवस बंद राहतील आणि फॉस्फेट कितीवर गेल्यास त्या लगेच पुन्हा सुरू होतील?
- क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडिया या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील नोंदणी क्रमांक कोणता?

चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो. गोळ्या मात्र वडिलांच्या नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) विचारल्याशिवाय थांबवू नयेत.