फेन राफ्ट स्पायडर पाहायला जाण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये प्रथम १९५६ साली इंग्लंडमधील रेडग्रेव्ह आणि लोफम फेन या दलदलीच्या पाणथळ जागी (फेन म्हणजे अशी पाणथळ जागा) आढळलेला हा दुर्मीळ कोळी पाहायचा असेल, तर आपण जुलै ते सप्टेंबरदरम्यान जावे आणि कोळ्याऐवजी आधी त्याच्या पिल्लांचे जाळे शोधावे. मादी अंड्यांची पिशवी जबड्यात धरून हिंडते, ती सुकू नये म्हणून अधूनमधून पाण्यात बुडवते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास पाण्यावरच्या ताठ पात्यांमध्ये तंबूसारखे जाळे विणून त्याची राखण करते. जराशी चाहूल लागली तरी ती पाण्याखाली दडी मारते, तेव्हा काठावर पाय आपटत चालू नये.

अंगावरचे फिकट पट्टे पाहून नाव नोंदवण्याची घाई करू नये. डोलोमेडिस फिम्ब्रिएटस या भाईबंदावरही तसेच पट्टे असतात, आणि खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच पटते. हा कोळी कायद्याने संरक्षित असल्यामुळे परवान्याशिवाय त्याला पकडू नये.

माझ्या मते नवख्याने पाण्याच्या पातळीची नोंद सर्वांत आधी करावी, कारण कूपनलिकेच्या उपशामुळे हे फेन कोरडे पडत गेले होते, आणि तो उपसा १९९९ मध्ये थांबल्यानंतरही कोळ्यांची संख्या लगेच सावरली नाही.