उन्हाळ्यात ऊस जोमात, भुईमूग कोमात का?

प्रश्न : आमच्या रानात ऊस आणि उन्हाळी भुईमूग बांधाला बांध लावून आहेत. मुलगा दहावीला आहे. त्याच्या पुस्तकात सगळ्या हिरव्या झाडांचं प्रकाशसंश्लेषण एकाच समीकरणात दिलंय. मग पाणी दोघांनाही असताना एप्रिलच्या उन्हात भुईमूग रेंगाळतो आणि ऊस मात्र कांडीवर कांडी चढवतो, ते कसं?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : पुस्तकातलं समीकरण बरोबरच आहे. पण ते फक्त आत काय गेलं आणि बाहेर काय आलं एवढंच सांगतं. मधली गंमत पेशीत घडते.

पहिला टप्पा दोन्ही पिकांत सारखा. हरितलवकातल्या पातळ पडद्यांवर ऊन पडलं की पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि उन्हाची ऊर्जा एटीपीसारख्या रेणूंत साठते. ती खर्चून हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि साखर करायची. हे पकडण्याचं काम रुबिस्को नावाच्या विकराचं (एन्झाइमचं), आणि घोटाळा इथेच आहे. पंगतीतला पाहुणा कोण आणि आगंतुक कोण, हे रुबिस्कोला नीट ओळखता येत नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के. त्यामुळे भुईमुगासारख्या पिकात साधारण चारांतून एकदा तो ऑक्सिजनच उचलतो, आणि ती चूक निस्तरताना आधी पकडलेला थोडा कार्बनही परत हवेत जातो. ऊन तापलं की चुका वाढतात. त्यात पाणी वाचवायला पानाची रंध्रं मिटू लागली, की पानातला कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो.

उसानं रुबिस्कोला आतल्या खोलीत बसवलंय. कॉलेजात प्रॅक्टिकल घेताना मी हे मुलांना उसाच्या पानावरच दाखवायचे. पानाची पट्टी गाजराच्या फोडीत धरून ब्लेडनं आडवा छेद घ्यायचा. (उसाच्या पानात सिलिका असते, ब्लेड लगेच बोथट होतं.) सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं गर्द हिरवं कडं दिसतं. भुईमुगाच्या पानात ते तसं नसतं. उसात कड्याबाहेरच्या पेशी दुसऱ्याच विकरानं कार्बन पकडतात. तो ऑक्सिजनच्या नादी लागत नाही. त्यातून चार कार्बनचं आम्ल तयार होतं, ते कड्यातल्या पेशींत जातं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. रुबिस्कोभोवती तो हवेतल्यापेक्षा कित्येक पट दाटतो, मग चुकायला वाव उरत नाही.

हे उलगडलं तेही उसावरच. हवाईतल्या ऊस बागायतदारांच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी कार्बन पानाला दिला, तर अपेक्षित तीन कार्बनच्या आम्लाऐवजी आधी चार कार्बनचं सापडलं. त्याची पूर्ण साखळी हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात 1966 पासून मांडली. म्हणून अशा पिकांना ‘सी-फोर’ म्हणतात. मका, ज्वारी, बाजरी त्याच गोतातली. तुमच्या भुईमुगातली हरळी आणि लव्हाळाही! खुरपून हात दुखतात त्याचं थोडं श्रेय या युक्तीला द्या.

युक्ती फुकट नाही. दर कार्बनमागे जास्तीचं एटीपी खर्चावं लागतं. थंडीत रुबिस्को मुळातच कमी चुकतो, तेव्हा हा खर्च अंगावर येतो. शिवाय ऊस पडला उष्ण प्रदेशातला. डिसेंबर-जानेवारीत तो थबकतो आणि गहू खुशाल वाढतो.

एक मात्र मुलाला बजावून सांगा. एक किलो वाळलेला पाला-कांडी तयार करायला सी-फोर पिकाला पाणी कमी लागतं, हे खरं. पण त्यावरून ‘ऊस कमी पाण्याचं पीक’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि तेवढे महिने पाणी पितो.